कबड्डीतून अभिनयात, आणि तिथून लॉस एंजेलिसला

तुझा प्रश्न असा: प्रो कबड्डीत खेळलो, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर खेळ सुटला, दोन मराठी मालिकांत छोटी कामं केली, आता व्हिजिटर व्हिसावर येऊन सहा महिने हॉलीवूडमध्ये ऑडिशन देऊ का?

मी इथे लॉस एंजेलिसजवळच्या बरबँकला फिल्म-टीव्हीवाल्यांच्या पगाराचं काम बघतो. कुणाचे पैसे निघतात आणि कुणाचे कागद अडतात, ते रोज समोर असतं. म्हणून आधीच सांगतो, असा येऊ नकोस. व्हिजिटर व्हिसावर पैसे घेऊन काम करता येत नाही. आणि ऑडिशनचा पहिला टप्पा आता बहुतेक वेळा सेल्फ-टेपचा, म्हणजे स्वतःच चित्रित केलेल्या व्हिडिओचा असतो, तो कोल्हापुरात बसूनही पाठवता येतो.

खरी अडचण तुझ्या पदकांची आहे. पी-१ व्हिसा खेळाडूंचा, तो खेळण्यासाठीच. ओ-१ हा आपापल्या क्षेत्रात असामान्य ठरलेल्यांचा कामाचा व्हिसा, त्याला दोन खाती आहेत: ओ-१एमध्ये खेळ येतो, ओ-१बीमध्ये कला आणि सिनेमा-टीव्ही. कबड्डीतलं नाव पहिल्या खात्यात जमा आहे. नट म्हणून अर्ज केलास की अभिनयच मोजणार. नावाजलेल्या कलाकृतींतल्या प्रमुख भूमिका, वृत्तपत्रांतली परीक्षणं, मोठं मानधन, जाणकारांची पत्रं अशा सहा प्रकारांपैकी किमान तीन प्रकारचे पुरावे लागतात. मराठी कात्रणं असतील तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडायचं. स्वतःचा अर्ज स्वतः भरता येत नाही, इथली कंपनी किंवा एजंट लागतो. वर कलाकारांची युनियन आणि निर्मात्यांची संघटना, दोघांचं मत मागवतात. एवढं जमलं तर पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत मिळतो.

नट टेरी क्रूजचा दाखला दिलास. एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग सोडून तो १९९७मध्ये इथे आला, सेटवर सिक्युरिटीची कामं केली, मग ‘बॅटल डोम’ या टीव्ही शोमध्ये शिरला. बरोबर आहे, पण तो इथला नागरिक. मधल्या काळात पोटासाठी वाट्टेल ते करायची त्याला मोकळीक होती. ओ-१वर तुला हॉटेलात वाढायला उभं राहता येणार नाही की टॅक्सी चालवता येणार नाही. इथे स्ट्रगल करायलासुद्धा परवाना लागतो! एका बेडरूमचं भाडं दोन हजार डॉलरच्या पुढे, आणि गाडीवाचून चालत नाही. त्यात २०२३च्या लेखक-कलाकारांच्या संपांनंतर इथलं शूटिंग पूर्वीइतकं परतलेलं नाही. बरंच काम अटलांटा, व्हँकुव्हर, लंडनकडे गेलं आहे.

मग तुझ्याकडे काय आहे? शरीर. चढाईतला वेग, पकडीतलं वजन, पडून उठायची सवय. पण पंचांसमोर पडणं आणि कॅमेऱ्यासाठी पडणं वेगळं. प्रत्येक टेकला त्याच जागी, त्याच कोनात पडावं लागतं, आणि तुझा गुडघा लक्षात घे. हे मुंबईत एखाद्या चांगल्या फाइट मास्टरकडे शिक. तिथे तुझा चेहरा ओळखतात, इथे कबड्डी म्हणजे काय इथून सुरुवात होते. सलील अंकोला १९८९मध्ये कराचीला सचिनबरोबरच कसोटीत उतरला, पुढे मालिकांत आला, तोही मुंबईतच. दोन-तीन ठसठशीत भूमिका तिथेच मिळव, ओ-१बीच्या फायलीत त्याच लागतील.

शिकायला यायचं असेल तर एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा सरळ रस्ता. पदवी अभ्यासक्रम पूर्ण केलास तर त्याच क्षेत्रात साधारण १२ महिने काम करता येतं. महिन्या-दोन महिन्यांच्या वर्कशॉपवर ही सवलत मिळत नाही.

‘हॉलीवूड पॅकेज’साठी सहा लाख मागणाऱ्या अंधेरीच्या माणसाला नाही म्हण. कॅलिफोर्नियात ऑडिशन मिळवून देतो म्हणून आगाऊ पैसे घेणं बेकायदा आहे. खरा एजंट काम मिळाल्यावर, बहुधा दहा टक्के, कापून घेतो.

वहिनींच्या नोकरीचं विचारलंस. तुझ्या ओ-१वर त्यांना ओ-३ हा कुटुंबीयांचा व्हिसा मिळेल, त्यावर नोकरी करता येत नाही. तेव्हा बँकेतल्या नोकरीचा राजीनामा त्यांनी इतक्यात देऊ नये.