रिपोर्ट चांगला, मग रडू का येतं?

"ताई, माझं वय ४१. अकरा वर्षं एचआयव्हीवरच्या, म्हणजे एआरटीच्या गोळ्या चालू आहेत. रक्ताच्या व्हायरल लोड तपासणीत विषाणू सापडत नाही. मागच्या महिन्यात सेंटरवर एका अभ्यासासाठी ३१ प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला. मी सगळीकडे 'चांगलं'वर खूण केली. खरं तर झोप लागत नाही. जाऊबाई माझा पेला अजून वेगळा ठेवतात. घरचे म्हणतात, जगलीस ना, आणखी काय हवं? मी खोटं लिहिलं. चुकलं का?"
– एक वाचक, सोलापूर जिल्हा

बाई गं, चुकलं म्हणू नकोस. जिथून गोळ्या आणायच्या तिथे तक्रार कशी करायची, हा धाक मला कळतो.

३१ प्रश्न म्हणजे तो बहुधा जागतिक आरोग्य संघटनेचा, एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठीचा फॉर्म. मागच्या दोन आठवड्यांत कसं गेलं, ते १ ते ५ मध्ये सांगायचं. झोप, पैसा, कामाची ताकद, शरीरसुख, पुढच्या दिवसांची भीती, सगळं त्यात आहे. लोक या आजारावरून दोष देतात त्याचा किती त्रास होतो, हेही विचारलंय. तुझा तो पेला रक्ताच्या कुठल्या तपासणीत दिसणार? तो दिसावा म्हणून तर हा फॉर्म.

झोपेचंच बघ. हल्ली बहुतेकांना टीएलडी, म्हणजे तीन औषधांची मिळून एक गोळी असते. तिच्यातल्या डोल्युटेग्राव्हिर या औषधाने काहींची झोप उडते. तू रात्री घेत असशील, तर सकाळी घेतलेली चालेल का, हे डॉक्टरांना विचार. मनाने वेळ बदलू नकोस, बंद तर मुळीच करू नकोस. पण तू 'झोप चांगली' लिहिलंस, तर त्यांनी हे ओळखायचं कसं?

समुपदेशक बाईंना सरळ सांग, "तेव्हा घाबरून भरलं, पुन्हा भरायचंय." कुणी रागावणार नाही. २०१७च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे तुझ्या संमतीशिवाय तुला अभ्यासात घेता येत नाही. नको वाटलं तर नाही म्हण, गोळ्या त्यामुळे थांबत नाहीत.

आणि पेला. उष्ट्या भांड्याने एचआयव्ही होत नाही, हे जाऊबाईंना तू सांगून पटणार नाही. मनाची तयारी असेल तर पुढच्या वेळी त्यांना सेंटरवर सोबत ने, समुपदेशक बाईंच्या तोंडून ऐकू दे. नसेल तर आधी एकटीने १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनला फोन कर. फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही. रडू आलं तर तिथे खुशाल रड.