कागदावर ८२, मग ७५ ची ९५ झाली की नाही?

प्रश्न : काका, माझी २०१२ ची स्विफ्ट डिझेल, १ लाख ४० हजार किलोमीटर झालेत. मार्चमध्ये पुण्यात ईसीयू रिमॅप (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) करून घेतला. '७५ ची ९५ पीएस (अश्वशक्ती) होईल' असा शब्द होता. नंतर डायनोवर (चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजायचं मशिन) चढवली तर कागदावर ८२ आले. म्हणजे २० चे पैसे घेऊन ७ च दिले का? गाडी मात्र तुळजापूरचा घाट आता तिसऱ्या गिअरमध्ये चढते, आधी दुसरा टाकावा लागायचा. कागद खरा की घाट? ग्राफचा फोटो सोबत आहे.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आधी तुमची वजाबाकी चुकली ते सांगतो. कंपनीचे ७५ हे इंजिनाच्या फ्लायव्हीलवर, म्हणजे गिअरबॉक्सच्या आधीच, मोजलेले. डायनोचा रोलर फिरवतं ते चाक. मधे गिअरबॉक्स, ड्राइव्ह शाफ्ट, बेअरिंग, टायर, सगळे आपापला वाटा खातात. सोलापूरकराला हे समजावून सांगायची गरज पडू नये. मागाच्या मोटरच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असू दे, चादर विणली जाते ती पट्ट्यातून जे पोहोचतं त्यावर. पुढची चाकं ओढणाऱ्या मॅन्युअल गाडीत ही घट साधारण १५ टक्के धरतात. धरतात म्हणतोय, कारण तो अंदाज आहे. त्या हिशेबाने तुमची गाडी रिमॅपच्या आधी रोलरवर ६४ च्या आसपास दिसली असती. म्हणजे फरक ७ चा नाही, १८ चा.

पेढे आणायला निघाला असाल तर थांबा. फोटोत तळाची ओळ अर्धी कापली गेलीय, पण मी भिंग लावून बघितली. करेक्शन १.०८. म्हणजे रोलरवर प्रत्यक्षात आले ७६, आणि मशिनने त्याला १.०८ ने गुणून ८२ छापले. गरम, पातळ हवेत इंजिनाची ताकद कमी पडते, ती भरपाई करून सगळ्या गाड्या एका पातळीवर आणायच्या म्हणून हा गुणाकार असतो. साध्या पेट्रोल इंजिनाला तो शोभतो. तुमच्या गाडीला टर्बो आहे, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. हवा पातळ झाली तर ती कमतरता टर्बो स्वतःच बरीचशी भरून काढतो. तिला पुन्हा पूर्ण करेक्शन देणं म्हणजे जेवून उठलेल्याला परत ताट वाढणं. ८२ धरले तर इंजिनावर ९६ निघतात, ७६ धरले तर ८९. रिमॅप करणाऱ्या ट्यूनरचा शब्द खरा की खोटा, हे त्या एका ओळीवर फिरतं.

आता घाट. त्याला पीक पॉवरशी, म्हणजे सगळ्यात जास्त ताकदीच्या आकड्याशी, फारसं देणंघेणं नाही. तुमच्या इंजिनाची ७५ पीएस ४००० आरपीएमला येते, घाटात तुम्ही असता २०००-२३०० वर. तिथं लागतो टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, तो न्यूटन मीटरमध्ये मोजतात. न्यूटन मीटरला आरपीएमने गुणा, ७०२४ ने भागा, पीएस मिळते. कंपनीचा टॉर्क १९० न्यूटन मीटर, २००० आरपीएमला, म्हणजे ५४ पीएस. तुमच्या ग्राफवर २३०० ला २०५ दिसतात. करेक्शन काढलं तरी १९०. कंपनी जेवढं इंजिनावर सांगते तेवढं तुमच्या चाकावर पोहोचतंय. तिसरा गिअर त्यामुळेच पुरतो. घाट खोटं बोलत नाही.

खरी चूक दुसरीच झाली. रिमॅपच्या आधी एक रन (डायनोवरची एक मोजणी) काढायला हवा होता, त्याच रोलरवर, त्याच दिवशी. अजून वेळ गेलेली नाही. ट्यूनरकडे तुमची मूळ फाइल असणारच. ती परत टाकायला लावा, तीन रन काढा, मग रिमॅप टाकून तीन. गिअर चौथा, टायरची हवा तीच, गाडी बांधायचे पट्टे तेवढेच ताणलेले, पंखा समोर. पहिला रन सोडून द्या, इंजिन आणि गिअरबॉक्सचं ऑइल नीट तापलेलं नसतं. कागद बिनकरेक्शनचा मागा. तो नाही म्हणाला तर तेही उत्तरच.

आणि क्लच. मी स्वतःच्या डिझेल गाडीत हौसेने ताकद वाढवली होती. डायनोवर चौथ्यात पाय दाबला, काटा सर्रकन ३००० वर गेला, रोलर मात्र तिथंच रेंगाळला. दुसऱ्या क्षणाला तो ओळखीचा वास, बांगडी जाळल्यासारखा. कंपनीचा क्लच कंपनीच्या टॉर्कसाठी असतो, माझा आधीच अर्धा झिजलेला होता. ग्राफला मध्येच वर उडी दिसली की ती ताकद समजू नका, क्लच घसरत असेल. तुमचा क्लच १ लाख ४० हजारांचा असेल तर आधी तो बघा, मग रोलर.

घाटात मागे काळा धूर येतो का, मागच्या सीटवर कोणाला तरी बसवून बघा. येत असेल तर हवेच्या मानाने डिझेल जास्त ओतलंय; पीयूसीला अडकाल आणि एक्झॉस्टचं तापमान वाढून टर्बोही जाईल. विमा कंपनीला बदल कळवला नसेल तर क्लेमच्या वेळी वाद होऊ शकतो, एवढं लक्षात असू द्या.

दोन्ही ग्राफ आले की पाठवा. या वेळी फोटो काढताना तळाची ओळ कापू नका.