चोरीला गेलेल्या गाडीचा चॉईस नंबर नव्या गाडीला मिळेल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: वडिलांनी हौसेनं पैसे भरून 4141 घेतला होता, ती मोटार राजारामपुरीतून चोरीला गेली, एफआयआर झालाय. आता विम्याचे पैसे आले की नवी गाडी घ्यायची आणि तिलाही तोच नंबर लावायचा. इंग्लंडमधल्या तुमच्या चुलतभावाला असा नंबर परत मिळाला, मग आपल्याला का नाही?

मी कोल्हापुरात गाड्यांच्या विम्याचं काम करतो, तेव्हा सरळ सांगतो. एमएच 09 आणि पुढची अक्षरं, सगळं जसंच्या तसं मिळवायच्या मागं लागू नका. शेवटचे चार आकडे मिळवता येतात, त्यांच्या मागं लागा.

चुलतभावाचं खरं आहे. तिकडं डीव्हीएलए हे सरकारी खातं असे नंबर विकतं, आणि नंबर गाडीपासून सोडवून नुसत्या कागदावर आपल्या नावे ठेवता येतो. गाडी चोरीला गेली तरी पोलिसांत तक्रार दिलेली असली आणि चोरीच्या वेळी गाडीचा टॅक्स आणि एमओटी (तिकडची गाडीची सक्तीची तपासणी) चालू असली, तर 80 पौंड भरून नंबर परत मागता येतो. आपल्याकडं फी माणूस भरतो, पण नंबर गाडीला मिळतो. नोंदीत तो चेसिस नंबर आणि इंजिन नंबरला बांधलेला असतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 55 नोंदणी रद्द करायला सांगतं ते गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर. चोरीची गाडी यातल्या कशातच बसत नाही. ती कुठंतरी आहे असंच कायदा धरून चालतो, आणि एकच नंबर दोन गाड्यांना देता येत नाही.

आता आकड्यांचं. मोटारींची चालू मालिका (म्हणजे एमएच 09 पुढची अक्षरं) कुठली आणि तीत 4141 शिल्लक आहे का, हे परिवहनच्या साइटवर दिसतं. ताराबाई पार्कात आरटीओत जाऊन विचारलंत तरी चालेल. त्याच आकड्यावर दुसऱ्या कुणाचा अर्ज असला तर लिलाव होतो आणि जास्त बोली लावणाऱ्याला नंबर जातो. कोल्हापुरात ही हौस किती आहे ते सरकारलाही ठाऊक आहे. ऑगस्ट 2024 मध्ये फी वाढली तेव्हा मुंबई-पुण्याच्या चढ्या दराच्या यादीत आपलाही जिल्हा होता. इथं मोटारीला 0001 हवा तर 6 लाख. चालू मालिकेत आकडा गेलेला असला आणि दुसऱ्या मालिकेतून मागितला तर फी तिप्पट. म्हणून म्हणतो, 4141 गेलेला असला तर पुढची मालिका उघडेपर्यंत दम धरा. आणि शोरूमवाल्याला पैसे भरायच्या आधीच सांगून ठेवा. हल्ली नोंदणी तिथूनच होते. साधा नंबर पडून गेला की मग कपाळाला हात लावायची वेळ येते.

त्याच वेळी आणखी एक बदल झाला, तो तुमच्या कामाचा आहे. चॉईस नंबर आता नवरा-बायको किंवा मुलगा-मुलगी यांच्या नावे करता येतो, पूर्वी हे चालत नव्हतं. त्यामुळं नंबर वडिलांनी घेतला आणि गाडी तुमच्या नावावर आली तरी अडत नाही.

(4141 कशासाठी घेतला असेल ते प्लेट न बघताच कळतं: 4 चा प, 1 चा काना, झालं 'पापा'. 214 चा 'राम', 4912 चा 'पवार', असे रंगवणारे आपल्याकडं कलाकार होते. एचएसआरपी, म्हणजे सरकारनं सक्तीची केलेली एकसारखी सुरक्षित नंबर प्लेट, आल्यापासून त्यांचा धंदा बसला. नव्या गाडीवर आकडे आकड्यांसारखेच दिसतील, एवढं पापांना आधी सांगून ठेवा.)

पैशांचं म्हणाल तर नंबरची फी क्लेममध्ये धरू नका. आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या विक्रीच्या किमतीवर निघते, त्यातून वयाप्रमाणे घसारा जातो: एक ते दोन वर्षांच्या गाडीला 20 टक्के, चार ते पाच वर्षांच्या गाडीला 50. नोंदणीचा खर्च त्यात नसतोच. 'रिटर्न टू इनव्हॉइस' (गाडीच्या बिलाएवढे पैसे देणारं जादा कव्हर) घेतलेलं असेल तर नोंदणी आणि टॅक्सचे पैसे मिळण्याची शक्यता असते. चॉईसच्या फीचं काय, ते पॉलिसीतले शब्द वाचून कंपनीला लेखी विचारा. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर पैसे आधी बँकेकडं जातात.

नव्या नंबरापेक्षा मला जुन्याची काळजी जास्त वाटते. तो अजून तुमच्याच नावावर फिरतोय. फास्टॅग अजून बंद केला नसेल तर आधी मोबाईलवरचे मेसेज बघा. किणी किंवा तासवड्याच्या टोलनाक्यावर पैसे कापले असतील तर गाडी पुण्याच्या अंगाला गेली, कोगनोळीला कापले असतील तर कर्नाटकात. तारीख-वेळेसह ते तपास करणाऱ्या पोलिसाला द्या, आणि मगच बँकेला सांगून टॅग बंद करा. लोक घाईनं पहिल्याच तासाला टॅग बंद करतात आणि हातातला माग घालवतात. आरटीओतही एफआयआरची प्रत जोडून अर्ज द्या आणि पोच घ्या. ई-चलन आलंच तर त्यावरची तारीख चोरीनंतरची आहे हे दाखवता आलं पाहिजे.

विमा कंपनीला अजून कळवलं नसेल तर आजच कळवा. एफआयआर वेळेत झाला असेल तर कंपनीला उशिरा कळवलं एवढ्यावरून क्लेम नाकारता येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2020 मध्ये सांगितलंय, पण त्या वादात पडायचंच कशाला? दोन्ही किल्ल्या जपून ठेवा. तपास लागला नाही की पोलीस कोर्टात 'अ' समरी (गुन्हा खरा, पण तपास लागला नाही, असा अहवाल) पाठवतात. कंपनी त्या कागदासाठी थांबते, आणि खरा वेळ तिथंच जातो.

पैसे देताना कंपनी फॉर्म 28, 29, 30 (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे कागद) आणि हक्क सोडल्याच्या पत्रावर सह्या घेते. त्यानंतर गाडी सापडली तर ती कंपनीची, नंबरही तिच्याबरोबर. तुम्हाला अक्षरांसकट तोच नंबर हवाच असेल तर वाट इथंच आहे: कंपनी अशी गाडी विकायला काढते तेव्हा आम्हाला विचारा, असं आत्ताच लेखी देऊन ठेवा. सह्यांच्या आधी सापडली तर कोर्टाकडून सुपूर्दनाम्यावर (ताबा घेतल्याचं कोर्टाला लिहून देऊन) तुम्हालाच मिळते, नंबरासकट. दोन्ही वेळी ताबा घेण्याआधी चेसिस नंबर नीट बघून घ्या. चोरानं तो घासलेला असला तर आरटीओच्या परवानगीनं पुन्हा ठोकून घ्यावा लागतो, आणि तोवर ती गाडी रस्त्यावर आणता येत नाही.