सबवूफरसाठी स्वस्तातला ड्रायव्हर: वॅट आणि मॅग्नेट बघून घेऊ नकोस

मित्रा, तुझा प्रश्न नीट वाचला: घरी सबवूफर (फक्त खालचा बास वाजवणारा स्पीकर, थोडक्यात सब) बनवायचाय, त्यासाठी ड्रायव्हर, म्हणजे बॉक्सशिवायचा नुसता स्पीकर, कुठला घ्यावा. चिंचवडला भाड्याचा फ्लॅट, १० बाय १२ ची खोली, दोन छोटे बुकशेल्फ स्पीकर आहेत, टीपीए ३११६ चिपचा मोनो ॲम्प्लिफायर बोर्ड २४ व्होल्टच्या सप्लायसकट घेऊन ठेवलायस आणि ड्रायव्हरसाठी ६ हजार बाजूला काढलेत. समोर तीन पर्याय: दुकानदार दाखवतोय तो १२ इंची ‘८०० वॅट’ डीजे वूफर, कारचा सब, नाहीतर जुन्या होम थिएटरमधला ८ इंची काढून तोच वापरायचा.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, कारचा १० इंची सब घे, सिंगल कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी एकच), ४ ओहमचा, पॅरामीटर म्हणजे ड्रायव्हरचे मोजलेले आकडे छापून मिळत असतील असाच, आणि तो बंद म्हणजे सील्ड बॉक्समध्ये बसव. डीजे वूफर अजिबात नको घेऊस. आता का ते सांगतो, कारण उद्या दुकानात चौथाच पर्याय समोर आला तर तुझं तुला ठरवता आलं पाहिजे.

पहिलं म्हणजे वॅट डोक्यातून काढ. वॅटचा आकडा एवढंच सांगतो की कॉइल किती गरम होईपर्यंत तग धरेल. खोक्यावर मोठ्या अक्षरात असतो तो मॅक्स, खरा आरएमएस, म्हणजे सतत झेपणारा आकडा आत बारीक अक्षरात असतो आणि तो बऱ्याचदा मॅक्सच्या चौथाई-पाचवा हिस्सा निघतो. आणि तसंही तुझ्या बोर्डातून २४ व्होल्टवर ४ ओहमला स्वच्छ अशी ५०-६० वॅट निघणार, ८ ओहमला त्याच्या निम्मी. मग ८०० वॅटचा ड्रायव्हर घेऊन तुला काय मिळणार? १० बाय १२ च्या खोलीत ६० वॅट पुरते, ड्रायव्हर बरोबर असला तर.

बास म्हणजे हवा ढकलणं. कोनचं (स्पीकरच्या पुढच्या हलणाऱ्या शंकूचं) क्षेत्रफळ गुणिले कोन एका बाजूला किती सरकतो तो एक्समॅक्स, एवढाच हिशोब. आणि खाली जावं तसं हे काम फार झपाट्याने वाढतं, ६० हर्ट्झला जेवढा आवाज आहे तेवढाच ३० हर्ट्झला हवा असेल तर बंद बॉक्समध्ये कोनला चौपट हलावं लागतं. आता आकडे बघ. १० इंचीच्या कोनचं क्षेत्रफळ साधारण ३३० चौरस सेंटीमीटर, कारच्या बऱ्यापैकी सबचा एक्समॅक्स ८ मिमी धरला तर २६४ घनसेंटीमीटर हवा. डीजेवाला १२ इंची, क्षेत्रफळ ५२० च्या आसपास पण एक्समॅक्स ३ मिमी, म्हणजे १५६. दिसायला मोठा असून तो १० इंचीपेक्षा कमी हवा हलवतो! जमिनीवर ठेवून १ मीटरवरून ऐकलं तर ३० हर्ट्झला पहिल्याची मजल साधारण ९६ डेसिबलपर्यंत जाते, दुसऱ्याची ९१ लाच संपते.

याचा अर्थ डीजे वूफर वाईट असतो असा नाही. गणपतीच्या मिरवणुकीत उघड्या रस्त्यावर ५० ते १०० हर्ट्झचा दणका द्यायला तो बनवलेला असतो, कोन हलका, सराउंड (कोनभोवतीची लवचिक कडा) कापडाचा कडक, थोड्या पॉवरमध्ये मोठा आवाज. त्या कामात कारचा सब त्याच्यापुढे टिकणार नाही. पण तुला हवाय तो सिनेमातला खालचा हुंकार आणि गाण्यातली बेस गिटारची खालची तार, ते त्याचं कामच नाही.

हे मी पैसे घालवून शिकलोय. बारा-तेरा वर्षांपूर्वी लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून १२ इंची घेतला, भलंमोठं मॅग्नेट, वर ६०० वॅटचा स्टिकर, पॅरामीटर वगैरे विचारलं तर दुकानदार म्हणाला बिनधास्त न्या. सुताराकडून १८ मिमी प्लायचा ६० लिटरचा पोर्टवाला (हवेसाठी पाइप असलेला) बॉक्स करून घेतला, फॉर्म्युल्याने ३२ हर्ट्झला ट्यून केला, आठवडाभर घासून पॉलिश केलं. लावला तर कुठलंही गाणं असो, एकच ‘भुम्म’. आणि मोठा केला की कोन नुसता थडथडायचा, तिसऱ्या आठवड्यात कॉइल जळल्याचा वास आला. जळायच्या आधी एकदा मापला होता, एफएस, म्हणजे ड्रायव्हरचा स्वतःचा रेझोनन्स, निघाला ५८ हर्ट्झ. ज्याचा स्वतःचा रेझोनन्स ५८ आहे त्याला मी ३२ च्या बॉक्समध्ये बसवला होता. बॉक्स अचूक होता रे, पण दुसऱ्याच ड्रायव्हरसाठी. तेव्हापासून माझा नियम, आधी ड्रायव्हरचे आकडे मग लाकूड.

आकडे तीनच लक्षात ठेव, एफएस, क्यूटीएस, व्हीएएस. एफएस म्हणजे उघड्यावर ड्रायव्हर कुठल्या फ्रिक्वेन्सीला आपणहून झुलतो. क्यूटीएस म्हणजे त्या झुलण्याला आतून किती ब्रेक आहे, मॅग्नेट जबरदस्त असेल तर आकडा कमी. व्हीएएस म्हणजे सराउंड आणि स्पायडर (कोनला मागून धरणारी घड्यांची चकती) किती मऊ आहेत ते किती लिटर हवेइतकं लवचिक, असं सांगायची पद्धत. हे शास्त्र ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडलं आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात पुढे नेलं, म्हणून डेटाशीटवर थील-स्मॉल पॅरामीटर असं लिहिलेलं असतं. हे कळल्यापासून बॉक्स करणं अंदाजपंचे राहिलं नाही.

बंद बॉक्सचं गणित वहीत होतं. बॉक्समध्ये बसल्यावरचा क्यू ०.७ च्या आसपास हवा. ०.७०७ भागिले क्यूटीएस, त्याचा वर्ग, त्यातून १ वजा, आणि व्हीएएसला त्याने भागायचं, आले लिटर. माझ्याकडे आत्ता वाजतोय तो कारचा १० इंची घे, एफएस ३२, क्यूटीएस ०.४५, व्हीएएस ४९ लिटर. बॉक्स येतो साधारण ३३ लिटर आणि त्यात बसल्यावरचा रेझोनन्स ५० हर्ट्झ. आता डीजे टाइपचा एक नमुना घे, एफएस ४५, क्यूटीएस ०.३२, व्हीएएस ९०. बॉक्स येतो अवघा २३ लिटर, वाटेल वा छान लहान, पण रेझोनन्स चढतो ९९ हर्ट्झवर! म्हणजे जिथे सबवूफरचं काम सुरू व्हायला हवं तिथे याचं संपतंय. बॉक्स ६२ लिटरचा केलास तरी ७० च्या खाली येत नाही.

५० हर्ट्झ ऐकून तू म्हणशील हे तरी कुठे खाली गेलं, ३० हर्ट्झला माझा ड्रायव्हर कागदावर ९ डेसिबलने खाली असतो. पण इथे तुझी खोली मदतीला येते. १२ फुटांच्या भिंतीचा पहिला मोड, म्हणजे खोली स्वतः घुमते ती पहिली फ्रिक्वेन्सी, साधारण ४७ हर्ट्झला असतो, त्याच्या खाली बंद दाराच्या आरसीसी खोलीत आवाज हळूहळू उचलला जातो, गाडीत बास जास्त वाटतो त्याचंही हेच कारण. बंद बॉक्स खाली हळू उतरतो, खोली हळू चढवते, दोन्ही बऱ्यापैकी एकमेकांना भरून काढतात. कारचे सब लहान बंद बॉक्ससाठीच बनवलेले असतात म्हणून छोट्या खोलीत ते इतके चपखल बसतात. मात्र हॉल किचनला उघडा असेल, बाल्कनीचं दार सताड असेल तर हा फायदा बराचसा निघून जातो.

पोर्टवाला बॉक्स वाईट नाही, खाली जास्त आवाज देतो, पण चूक माफ करत नाही. याच ड्रायव्हरला ५० लिटर आणि ३० हर्ट्झ धरलं तर १० सेंटीमीटर आतल्या व्यासाचा पाइप ४५ सेंटीमीटर लांब लागतो, तो आत बसवायला एल्बो लावून वळवावा लागतो, शिवाय ३० च्या खाली कोनला हवेचा आधार उरत नाही म्हणून त्याच्या खालचा सिग्नल कापणारा सबसॉनिक फिल्टर पाहिजेच, तुझ्या बोर्डावर तो नाही. आणि भाड्याचं घर आहे, ११ महिन्यांनी खोका उचलून न्यायचाय. पहिला बॉक्स बंदच कर.

डेटाशीट नसेल तर घरी माप, हे प्रत्येकाने एकदा करावंच. ॲम्पच्या आउटपुटला १ किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये, मग ड्रायव्हर, मोबाइलमध्ये सिग्नल जनरेटरचं ॲप, आणि ड्रायव्हरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर. ड्रायव्हर टेबलावर पालथा ठेवू नकोस, उभा धर किंवा टांगून ठेव. आधी ड्रायव्हरच्या जागी १० ओहमचा रेझिस्टर लावून व्होल्टेज लिहून ठेव, म्हणजे पुढचे सगळे आकडे त्या प्रमाणात ओहममध्ये आणता येतात. मग १५ हर्ट्झपासून एकेक वर जा, एका ठिकाणी मीटर सर्रकन चढतो आणि परत उतरतो, ते शिखर म्हणजे एफएस. माझ्याकडे डीसी रेझिस्टन्स ३.५ ओहम होता आणि ३२ हर्ट्झला शिखर ३५ ओहम, म्हणजे दहापट. दहाचं वर्गमूळ ३.१६, म्हणून शिखराच्या दोन्ही बाजूंना ११ ओहम कुठे येतात ते शोधलं, २२.७ आणि ४५.२ वर सापडले. ३२ गुणिले ३.१६ भागिले त्या दोघांतला फरक २२.५, आला क्यूएमएस (सराउंड-स्पायडरच्या ब्रेकचा आकडा) ४.५. त्याला दहा वजा एक म्हणजे ९ ने भागलं की क्यूईएस (मॅग्नेट-कॉइलच्या ब्रेकचा आकडा) ०.५, आणि दोन्ही मिळून क्यूटीएस ०.४५. व्हीएएससाठी कोनवर डस्टकॅपभोवती (मधल्या टोपीभोवती) नाणी ब्लू टॅकने चिकटवायची, सोनाराच्या छोट्या काट्यावर तोलून, ब्लू टॅकसकट. माझी ४० ग्रॅम झाली आणि शिखर ३२ वरून २६ ला आलं. त्यावरून हलणाऱ्या भागाचं वजन ७८ ग्रॅम आणि पुढे व्हीएएस ४९ लिटर. गणिताचा कंटाळा असेल तर लॅपटॉपवर आरईडब्ल्यू हे मापायचं सॉफ्टवेअर टाक, फुकट आहे, हेडफोन आउटपुट, स्टिरिओ लाइन-इन, १०० ओहमचा रेझिस्टर आणि थोड्या वायरींत सगळं काढून देतं. मग ते आकडे विनआयएसडी या बॉक्स डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये घाल, तेही फुकट.

दुकानात जाताना मल्टिमीटर आणि एक पेन्सिल सेल खिशात ठेव. ४ ओहमचा ड्रायव्हर मीटरवर ३.२ ते ३.७ च्या आसपास दाखवतो, ८ ओहमचा म्हणून देतायत आणि मीटर ३.५ म्हणतोय तर परत ठेव. दोन्ही हातांची बोटं कोनवर सारखी पसरून हलकेच दाब आणि कान जवळ ने, खरखर आली तर कॉइल घासतेय. सेल लावून बघ, कोन बाहेर आला की कुठली बाजू प्लस ते कळलं. सराउंड रबराचा घे, फोमचा आपल्या दमट हवेत, खासकरून मुंबई-कोकणात, काही वर्षांत भुगा होतो. मॅग्नेटच्या आकारावर जाऊ नकोस, कॉइलचा व्यास आणि एक्समॅक्स विचार. आणि एक्समॅक्स एका बाजूचा सांगतायत की दोन्ही मिळून ते विचारायचं, १६ मिमी म्हणून ८ वालाच गळ्यात मारतात.

ड्युअल कॉइलचा सब स्वस्तात मिळाला तर ४-४ ओहमवाला सिरीजमध्ये ८ होतो म्हणजे तुझी पॉवर निम्मी, पॅरलल केला तर २ होतो आणि तुझा बोर्ड पीबीटीएल वायरिंगचा (चिपचे दोन्ही चॅनल पॅरलल जोडून एक केलेला) नसेल तर तिकडे जाऊ नकोस. २-२ वाला मात्र सिरीजमध्ये बरोबर ४ होतो, तो चालेल. पायोनिअर, सोनी, जेबीएल असल्या कंपन्यांच्या कार सबमध्ये मॉडेल नंबरवरून पॅरामीटर शोधून बघ, सापडले तरच पैसे दे. डेटन ऑडिओ किंवा इंडोनेशियात बनणारे एसबी अकूस्टिक्सचे ड्रायव्हर सुंदर असतात, डेटाशीट खरी असते, पण कुरियर आणि कस्टम ड्युटी धरली की ६ हजारांत बसणं अवघड. होम थिएटरमधला ८ इंची फेकू नकोस, मापायचा सराव त्याच्यावर कर.

बॉक्ससाठी १८ मिमी प्लाय घे, टिंबर मार्केटमध्ये कापूनच घेतलास तर काटकोन बरोबर येतात. एमडीएफ स्वस्त आणि आवाजाला चांगला, पण पावसाळ्यात कडा फुगतात, घेतलास तर सगळ्या कडांना सीलर मार. ३३ लिटरमध्ये ड्रायव्हर आणि मधली आडवी पट्टी यांची जागा मिळव, आतून ३३ बाय ३३ बाय ३४ सेंटीमीटर केलं की ३७ लिटर होतात, पुरे. सांधे फेविकॉल आणि स्क्रूने, आतून परत फेविकॉलचा हात फिरव, हवा कुठूनही सुटता कामा नये. ड्रायव्हरखाली खिडकीला लावतात ती फोमची पट्टी, आत उशीतला पांढरा फायबर सैल भर.

लावल्यावर सिनेमातले स्फोट नंतर, आधी तबल्याचं चांगलं रेकॉर्डिंग लाव. डग्ग्यावर तळवा सरकवून सूर वर नेतात ना, तो घसरता सूर पायरी पायरीने चढताना ऐकू आला पाहिजे. चढताना मध्येच एखादा सूर फुगत असेल तर आधी सब कोपऱ्यातून हलव, लो-पास (सबला जाणारा वरचा आवाज कापणारा फिल्टर) ८० हर्ट्झवर आण, बॉक्सला दोष नंतर दे.

ड्रायव्हर घेतलास की एफएस, शिखराचे ओहम आणि ते दोन बाजूचे आकडे मला कळव, लिटर काढून देतो. तोपर्यंत प्लाय कापू नकोस.