प्रश्न: मुलगी आठवीत आहे, इंग्रजी व्याकरण पाठ आहे, तरी उताऱ्यावरचे प्रश्न चुकतात आणि विरामचिन्हं गाळते. कोणतं पुस्तक घेऊ, की क्लास लावू?

उत्तर: ताई, पुस्तक कोणतंही घ्या, नव्या पेठेत ढिगानं मिळतात. फक्त एकच घ्या. तीन घेतली की तिन्ही कोरी राहतात.

उताऱ्याचं म्हणाल तर माझी जुनी जखम आहे. 1996 साली मी सोलापुरात मराठी शाळेत नववीला होतो. वडील चादरीच्या कारखान्यात रातपाळीला. घरी मराठी, शेजारी तेलुगू, मागच्या गल्लीत कन्नड. इंग्रजी पाचवीला भेटलेली. (पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आली, तुमच्या मुलीचं बरं आहे.) आमच्या सरांची युक्ती अशी: प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधा आणि ती ओळ जशीच्या तशी उतरवा. चाचणीत उतारा आला दुष्काळातल्या शेतकऱ्याचा. प्रश्न होता, ‘व्हाय डिड द फार्मर सेल हिज बुलक?’ सगळ्या वर्गानं ‘सोल्ड’ हा शब्द गाठला आणि ‘ही सोल्ड इट इन द मार्केट’ असं लिहून टाकलं. अरे, विचारलंय का विकला आणि तुम्ही सांगताय कुठं विकला! कारण तीन ओळी वर होतं. मी लिहिलं, ‘बिकॉज द वेल वॉज ड्राय’. मला भोपळा, वर्गाला पूर्ण गुण. मी उठून विचारलं, तर तास संपेपर्यंत व्हरांड्यात उभा. मार्च महिना, सोलापूरचं ऊन, वर पत्रा. शेवटी पूर्णविराम द्यायला मी विसरलो होतो, त्यासाठी अर्धा गुण कापला असता तर माझी काही तक्रार नव्हती.

म्हणून सांगतो, मुलीला आधी उतारा वाचू द्या आणि काय घडलं ते मराठीत तुम्हाला सांगू द्या. तुम्ही भाकरी थापत असलात तरी चालेल. शब्द न् शब्द भाषांतर नको, नुसती गोष्ट. मग ‘व्हाय’ला कारण, ‘व्हेअर’ला जागा, ‘हाऊ’ला रीत. कारण पुष्कळदा ‘सो’ किंवा ‘सिन्स’च्या आजूबाजूला सापडतं, कधी असला शब्दच नसतो, माझ्या विहिरीसारखा.

व्याकरण पाठ असूनही पोरं ‘डिड ही वेंट’ लिहितात. भूतकाळ ‘डिड’नं खाल्ला, आता क्रियापद मूळ रूपात, संपलं. वार-महिन्यांची पहिली अक्षरं मोठी करायला विसरतात, कारण देवनागरीत लहान-मोठी अक्षरंच नाहीत. विरामचिन्हांचं तर आपल्याकडेही जुनं नाही. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी या इंग्रजानं ती मराठीत रुजवली. लिहिलेलं मोठ्यानं वाचायला लावा. दम लागला की पूर्णविराम कुठं राहिला ते तिचं तिलाच कळतं. ‘इट्स’मधला वरचा स्वल्पविराम मात्र कानाला कळत नाही. तिथं ‘इट इज’ घालून बघायचं, बसलं तर चिन्ह द्यायचं.

हां, वेळ कमी असेल तर योग्य ओळ उतरवूनही गुण मिळतात, हे मान्य. पण ओळ योग्य हवी.

क्लास लावायचाच असेल तर पैसे भरण्याआधी एक दिवस मागच्या बाकावर बसून या. पोरगं स्वतःच्या शब्दांत उत्तर द्यायला लागलं आणि सरांनी ‘ओळ कुठंय, ओळ दाखव’ म्हटलं, की पिशवी उचला.