फ्री डिश घेताना पैसे छतावर घाला

प्रश्न: काका, आम्ही नागपुरात हुडकेश्वर रोडला राहतो. सासूबाईंना सह्याद्री, बातम्या आणि क्रिकेट एवढंच लागतं, आणि तेवढ्यासाठी केबलचं महिन्याचं बिल जड जातं. म्हणून फ्री डिश लावायचं ठरवलंय. बर्डीच्या बाजारात एका दुकानदाराने दोन डब्बे (सेट-टॉप बॉक्स) दाखवले, एक स्वस्त, एक महाग. वर म्हणाला, वर्षाचं रिचार्ज वेगळं. कोणता घेऊ? छतावर एका खासगी डीटीएचची जुनी छत्री पडून आहे, ती चालेल का? (एक वाचक, हुडकेश्वर)

उत्तर: ताई, आधी रिचार्जचं. डीडी फ्री डिशला महिन्याचं, वर्षाचं, कसलंच भाडं नाही. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने 2004 मध्ये ही छत्रीवरून दिसणारी सेवा सुरू केली ती फुकट म्हणूनच. सामान आणि मजुरी मिळून एकदाच काय ते साधारण दोन हजारांच्या आतबाहेर जातात. रिचार्ज मागणाऱ्या दुकानातून काहीच घेऊ नका.

डब्बा घेण्याआधी टीव्हीच्या मागे हात घालून बघा. ॲंटेनाच्या साध्या भोकाशेजारी आटे पाडलेलं, स्क्रूसारखं तोंड असेल आणि त्यावर ‘एलएनबी’ किंवा ‘सॅट’ लिहिलेलं असेल, तर डब्बा टीव्हीतच आहे. छत्रीची वायर सरळ तिथे लावायची. अनेक घरांत हे कुणाला ठाऊकच नसतं आणि डब्ब्याचे पैसे उगाच जातात. तसं तोंड नसेल तर एमपीईजी-4 चा डब्बा घ्या. एमपीईजी म्हणजे चित्र दाबून पाठवायची पद्धत. फ्री डिशवर काही वाहिन्या जुन्या एमपीईजी-2 मध्ये येतात, काही नव्या एमपीईजी-4 मध्ये. नवा डब्बा दोन्ही दाखवतो, जुन्या पद्धतीचा फक्त पहिल्या. तुम्हाला दाखवलेला स्वस्त डब्बा बहुधा जुना असावा, खोक्यावर वाचून खात्री करा. टीव्ही पिक्चर ट्यूबचा असेल तर डब्ब्याला पिवळी-लाल-पांढरी पिन लागते का, तेही बघून घ्या.

आता छत्री. माझा सगळा जोर इथे आहे, कारण चित्र अडकतं तेव्हा लोक डब्बा बदलतात आणि दोष निघतो छतावर. जुनी छत्री तुमच्या मालकीची असेल, 60 सेंटीमीटरच्या आसपास असेल आणि चेपली-गंजली नसेल तर खुशाल वापरा. तिच्या दांडीच्या टोकाला सिग्नल पकडणारा भाग असतो, तो एलएनबी. त्यावरचं स्टिकर वाचा. 9750 आणि 10600 हे दोन्ही आकडे असतील तर तोही चालेल, नाहीतर नवा घ्या, तो महाग नसतो.

दिशा मात्र नव्याने जुळवावी लागेल. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-15 हा 93.5 अंश पूर्वेला आहे. नागपुरातून तो आग्नेयेच्या थोडा दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे 60 अंश वर येतो. इतक्या उंचावर असल्यामुळे शेजारच्या इमारतीची फारशी भीती नाही. समोरची भिंत छत्रीपेक्षा 10 फूट उंच असेल तर छत्री तिच्यापासून 6 फूट लांब ठेवली की झालं. छत्री दिसते त्यापेक्षा बरीच वर बघत असते, त्यामुळे ती समोरच्या घराकडे वळलेली वाटली तरी घाबरू नका. कडुलिंबाची फांदी मात्र आड येऊ देऊ नका.

मेकॅनिक जुळवत असताना तुम्ही खाली टीव्हीसमोर उभ्या राहा. स्क्रीनवर दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ नुसती वायर जोडली तरी भरते. बघायची ती क्वालिटी. तीही दिसतेय पण वाहिन्या सापडत नाहीत, असं झालं तर छत्री 95 अंशांवरच्या दुसऱ्या उपग्रहावर गेलेली असू शकते. दोघांत फक्त दीड अंशाचं अंतर आहे. छत्री फिरवून झाली की एलएनबी त्याच्या पकडीत थोडा थोडा फिरवायला सांगा. हे काम बरेच जण टाळतात आणि मग पहिल्या पावसात चित्र जातं. मुसळधार पावसात दहा-पंधरा मिनिटं चित्र गेलं तर तो दोष नव्हे, पण रिमझिम पावसात जाता कामा नये.

वायर आरजी-6 (छत्रीसाठीची जाड गोल केबल), काळ्या आवरणाची घ्या. आपल्याकडच्या मे महिन्यात हलकं आवरण तडकतं आणि जूनमध्ये त्यातून पाणी आत उतरतं. एलएनबीजवळ वायरला खाली लोंबणारा झोका ठेवा, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल. वीज कडाडायला लागण्याआधीच वायर काढून ठेवा.

सासूबाईंच्या क्रिकेटचं म्हणाल तर फ्री डिश त्यासाठी चांगलीच आहे. 2007 च्या कायद्याने भारताच्या महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावं लागतं, आणि 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे ते केबलवाल्यांना पुढे दाखवता येत नाही. म्हणून डीडी स्पोर्ट्सवरचा जो सामना केबलवर दिसत नाही, तो फ्री डिशवर दिसतो. सह्याद्री आहेच. खासगी वाहिन्या मात्र लिलावाने येतात-जातात, तेव्हा एखादी गायब झाली की आधी पुन्हा स्कॅन करा, मेकॅनिकला नंतर बोलवा.

प्रश्न: आमच्या महाल भागातल्या घरावर जुना ॲंटेना अजून उभा आहे. डिजिटल डब्बा लावून त्यावर दूरदर्शन दिसेल का?

उत्तर: त्या भरवशावर डब्बा घेऊ नका. सेमिनरी हिल्सच्या दिशेने ॲंटेना वळवून आपण जे बघायचो, ते जुनं ॲनालॉग प्रक्षेपण आता बंद झालंय. ॲंटेनावरचं डिजिटल प्रक्षेपण 2016 मध्ये 16 शहरांत सुरू झालं, त्यात महाराष्ट्रातून मुंबई आणि तेव्हाचं औरंगाबाद होतं, नागपूर नव्हतं. तुम्हीही फ्री डिशच घ्या. फक्त ॲंटेनाच्या उंच पाईपवर छत्री चढवू नका. एप्रिल-मेच्या वादळात तो पाईप डुलतो, आणि वर सांगितलेलं दीड अंशाचं अंतर मोडायला तेवढं पुरतं. छत्री कठड्याच्या भिंतीला बोल्टने घट्ट बसवा.