विचारा, सांगतो

प्रश्न : ₹ या चिन्हात वर दोन आडव्या रेघा का, असं नातवानं विचारलं. मी त्याला आजोबांची गोष्ट सांगितली. एक शेतकरी आडत्याकडे कापूस घालतो. मुनीम वहीत ४०॥ मांडतो. “मुनीम, ह्या दोन काड्या कसान्या शेतस?” “आठ आण्याच्या.” मुनीम चहाला उठतो. शेतकरी बोरू उचलून तिसरी काडी ओढतो आणि चार आणे जास्त घेऊन घरी जातो. पुढे मुनीमानं चिडून काड्या आडव्या पाडल्या आणि रुपयाच्या डोक्यावर ठेवल्या! नातू म्हणतो, खोटं आहे. आजोबा तर १९७१ सालीच गेले. खरं काय?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : शेवटापुरतं नातवाचं बरोबर आहे. ₹ हे चिन्ह केंद्रीय मंत्रिमंडळानं १५ जुलै २०१० रोजी मंजूर केलं. तोवर आपण ‘रु.’ लिहायचो. डी. उदय कुमार यांनी देवनागरी र आणि उभा दांडा काढलेला रोमन आर एकत्र केला. वरची रेघ आपली शिरोरेघ, आणि दोन रेघांतून तिरंगा सुचवलाय. म्हणजे गोष्टीचं शेपूट नंतर कुणीतरी जोडलेलं.

पण काड्यांचा भाग अस्सल आहे, तो सोडू नका. माझे वडील अमळनेरला आडत दुकानात दिवाणजी होते. त्यांची १९५३ सालची रोजकीर्द माझ्याकडे आहे, लाल कापडी बांधणीची. पान उघडलं की जागोजागी या काड्या दिसतात : एक म्हणजे चार आणे, दोन म्हणजे आठ, तीन म्हणजे बारा. रुपयाचे सोळा आणे, म्हणून पावाला एक काडी. ४०॥ म्हणजे साडेचाळीस. त्याला एक काडी जोडली की पावणेएक्केचाळीस, तुमच्या शेतकऱ्यानं नेमकं हेच केलं. हिशेब चोख आहे! १ एप्रिल १९५७ ला दशमान पैसे आले आणि हळूहळू काड्या वहीतून गेल्या.

वडील रकमेपुढे कधी कोरी जागा ठेवत नसत. आकडा संपला की लगेच तिरपी रेघ आणि आडवी रेघ. आजही आपण ५००/- लिहितो, चेकवर अक्षरी रकमेपुढे ‘फक्त’ लिहितो, ते याच धास्तीनं. गोष्टीतल्या मुनीमाला ही सवय असती तर त्याचे चार आणे वाचले असते.

नातवाला पाटीवर २०॥ लिहून द्या, पुढे एक काडी ओढायला सांगा, आणि किती झाले ते विचारा.